देवगिरीचा हिशेबनीस आणि मुंबईचा वकील

कळंबहून मांजरा ओलांडली की बीड जिल्हा सुरू होतो आणि पुढे अंबाजोगाई लागते. जुन्या माणसांच्या तोंडी या गावाचे नाव मोमिनाबाद असेच होते. निजामाच्या काळातले ते नाव. तिथे यादव राजा सिंघण याचा सेनापती खोलेश्वर याचे शिलालेख आहेत. शके ११५० आणि ११६२, म्हणजे इसवी सन १२२८ आणि १२४० सालचे. आपला हा सगळा मुलूख तेव्हा सिंघणाच्या अमलाखाली होता. त्याच सिंघणाच्या पदरी, देवगिरीला, शार्ङ्गदेव नावाचा एक अधिकारी होता. श्रीकरण, म्हणजे राज्याच्या जमाखर्चाचे दप्तर, त्याच्याकडे होते. आजोबा भास्कर काश्मीरहून दक्षिणेत आलेले, वडील सोढल यादवांच्याच चाकरीत. हा शार्ङ्गदेव वैद्यकही जाणत होता. पण सातशेपेक्षा जास्त वर्षे त्याचे नाव टिकले ते हिशेबामुळे नाही आणि औषधामुळेही नाही. त्याने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. भारतीय संगीतावरचा मध्ययुगातला सर्वांत मोठा ग्रंथ आपल्या मराठवाड्यात, एका हिशेबनिसाच्या हातून लिहिला गेला, ही गोष्ट मराठवाड्यातच फारशी कोणाला ठाऊक नसते.

या ग्रंथात नुसती रागांची वर्णने नाहीत. स्वर लिहून दाखवलेले आहेत. स, रि, ग, म, प, ध, नि या अक्षरांच्या ओळीच्या ओळी, आणि काही ठिकाणी स्वरांबरोबर गीताची अक्षरे. खालच्या सप्तकातला, म्हणजे मंद्र स्वर असेल तर अक्षराच्या डोक्यावर बिंदू. वरच्या सप्तकातला, तार स्वर असेल तर डोक्यावर उभी रेघ. मधल्या सप्तकाला खूण नाही. अशी ही सुटसुटीत मांडणी. दप्तरात वाढलेल्या माणसाला शोभेल अशीच.

अडचण आहे ती आजच्या वाचणाऱ्याची. ग्रंथ शेकडो वर्षे हाताने नकलला गेला. नकलणारे बहुतेक संस्कृत जाणणारे, पण गाणारे नसत. एखादा बिंदू सुटला की स्वर एकदम दुसऱ्या सप्तकात जातो. ज्यांनी लहानपणी उर्दूचा कायदा गिरवला आहे त्यांना एक नुक्ता काय करतो ते सांगायला नको. वरचा नुक्ता खाली आला की खुदाचा जुदा होतो. आणि समजा एकही बिंदू हरवला नाही, तरी मोठा प्रश्न उरतोच. शार्ङ्गदेवाचा ‘ग’ आपल्या आजच्या कोणत्या ‘ग’च्या जागी होता? शुद्ध कोणता, कोमल कोणता? तो बावीस श्रुती मोजून दाखवतो, पण ज्या वीणेवर त्या मोजल्या ती वीणा आणि ते कान गेले. जुन्या दप्तरात ‘इतके बिघे जमीन’ अशी नोंद सापडावी आणि तो बिघा किती काठ्यांचा होता ते सांगणारा कोणीच नसावा, तशातली गत. विजयनगरात पंधराव्या शतकात या ग्रंथावर टीका लिहिणाऱ्या कल्लिनाथालाच ग्रंथातले संगीत आणि आपल्या काळातले गाणे यांचा मेळ बसताना दिसत नव्हता.

याच ग्रंथात रागांच्या यादीत तुरुष्क तोडी आणि तुरुष्क गौड अशी दोन नावे येतात. तुरुष्क म्हणजे तुर्क. सिंघणाची कारकीर्द १२४७ च्या सुमारास संपली. अल्लाउद्दीन देवगिरीवर चालून आला १२९६ साली. म्हणजे तुर्कांचे घोडे देवगिरीच्या पायथ्याशी पोचायच्या किमान अर्धशतक आधी तुर्कांच्या नावाचे राग वर किल्ल्यातल्या पोथीत जाऊन बसले होते. ते कसे आले, कोणा व्यापाऱ्याबरोबर, कोणा गवयाबरोबर की कोणा फकिराबरोबर, ते त्या यादीत नाही. शाळेच्या पुस्तकातला आपला इतिहास मात्र घोड्यांपासूनच सुरू होतो.

आणि त्याच तेराव्या शतकात बगदादमध्ये सफीउद्दीन उर्मवी स्वर लिहीत होता. तो अखेरच्या अब्बासी खलिफाच्या पदरी होता. उत्तम खुशनवीस म्हणूनही त्याचे नाव होते. १२५८ साली हुलागूने बगदाद उद्ध्वस्त केले त्यातून तो वाचला आणि १२९४ साली वारला. आपल्या ‘किताबुल अदवार’ या ग्रंथात त्याने सप्तकाचे सतरा स्वर केले आणि त्यांना अबजदची अक्षरे दिली. अबजद म्हणजे काय हे आपल्या घरात समजावून सांगावे लागत नाही. दुकानाच्या पाटीवर, ट्रकच्या टपावर, लग्नपत्रिकेच्या माथ्यावर आपण ७८६ लिहितो ते बिस्मिल्लाचे अबजद आहे. त्याच अक्षरांनी सफीउद्दीन गाणे लिही: वर स्वराचे अक्षर, खाली तो किती मात्रा धरायचा त्याचा आकडा. त्याच्या चारशे वर्षे आधी अल-किंदीने ऊदच्या पडद्यांसाठी हीच युक्ती वापरली होती. मौसिकी हलाल की हराम हा वाद आपल्याकडे अजून संपलेला नाही आणि तो इथे उकरण्याचे कारणही नाही. पण ज्या काळाला आपण आपला सुवर्णकाळ म्हणतो त्या काळातले आलिम मौसिकीला रियाजीची, म्हणजे गणिताची एक शाखा मानून तिच्यावर ग्रंथ लिहीत होते, एवढे तरी नोंदवून ठेवावे.

या बंद पोथ्यांच्या कुलपाशी ज्याने आयुष्य घालवले तो माणूस मराठीच होता. विष्णू नारायण भातखंडे. जन्म १० ऑगस्ट १८६०, मुंबईत वाळकेश्वरला. पेशाने वकील, काही काळ कराचीतही वकिली केली. १८८४ च्या सुमारास ते पारशी मंडळींच्या गायन उत्तेजक मंडळीत जाऊ लागले. तिथे रावजीबुवा बेलबागकरांकडून त्यांनी तीनएकशे ध्रुपदे घेतली आणि अली हुसेन, विलायत हुसेन या गवयांकडून ख्याल घेतले. बायको आणि एकुलती मुलगी १९०० ते १९०३ या काळात गेल्या. त्यानंतर वकिली मागे पडत गेली आणि उरलेला माणूस पोथ्यांच्या आणि बंदिशींच्या मागे लागला.

भातखंड्यांची हिंडण्याची रीत वकिलाचीच होती. प्रश्न आधी लिहून ठेवायचे, साक्षीदार गाठायचा, उलटतपासणी घ्यायची आणि रात्री रोजनिशीत सगळे उतरवायचे. १९०४ साली ते दक्षिणेत गेले. एट्टयपुरमला सुब्बराम दीक्षितरांना भेटले. वेंकटमखीच्या ‘चतुर्दण्डिप्रकाशिके’ची प्रत त्यांना तिथेच मिळाली आणि बहात्तर मेळांच्या त्या मांडणीचा उपयोग पुढे त्यांना दहा थाट बांधताना झाला. १९०७ साली ते हैदराबादला आले. कळंब तेव्हा निजामाच्याच राज्यात, तेव्हा हा आपल्या राजधानीतला मुक्काम म्हणायला हरकत नाही. तिथे निजामाच्या आश्रयाला असलेले पंडित अप्पा तुलसी त्यांना भेटले. त्यांच्याशी जुळलेला स्नेह पुढे टिकला; प्रचलित रागांवर संस्कृतात श्लोकबद्ध लेखन अप्पा तुलसींनीही केले. पुढे अलाहाबाद, बनारस आणि बाकीचा उत्तर हिंदुस्थान झाला.

प्रत्येक ठिकाणी त्यांचा एक प्रश्न ठरलेला. रत्नाकरातले स्वर तुम्हाला लागतात का? त्यातला एखादा राग गाऊन दाखवाल का? शास्त्री ग्रंथ पाठ म्हणत, पण सुराला हात लावत नसत. गवई सूर लावत, पण ग्रंथाचे नाव फक्त ऐकून असत. रत्नाकर हा आपल्या सगळ्या संगीताचा वेदच आहे असे म्हणणारे पुष्कळ भेटले. त्यातली एक ओळ गाऊन पटवणारा त्यांना भेटला नाही. वकिलाने शेवटी निकाल दिला. रत्नाकराची किल्ली हरवली आहे, आजच्या उत्तर हिंदुस्थानी संगीताचा आधार त्यात शोधणे व्यर्थ आहे, शोधायचा तर तो अलीकडच्या तीन-चार शतकांतल्या ग्रंथांत आणि जिवंत गाण्यात शोधला पाहिजे. सतराव्या शतकातल्या अहोबलाच्या ‘संगीत पारिजात’वर त्यांचा भर होता तो याच कारणाने. अहोबलाने वीणेच्या तारेची लांबी मोजून स्वरांच्या जागा सांगितल्या होत्या. म्हणजे इथे बिघा किती काठ्यांचा ते लिहिलेले होते.

हा निकाल किती धाडसी होता ते आज ध्यानात येत नाही. आपले संगीत वेदांपासून अखंड, निर्मळ वाहत आले, मधल्या काळात मुसलमानांनी ते नासवले, अशी मांडणी करणारे त्या काळात बरेच होते आणि आजही आहेत. भातखंड्यांना मुसलमानांचा विशेष पुळका होता असे मुळीच नाही. पण पुरावा समोर आला तेव्हा त्यांनी तो दडवला नाही. आज जे गायले जाते ते प्राचीन पोथीत बसत नाही, ते बादशाही काळात घडलेले आहे, हे त्यांनी १९१६ सालच्या बडोद्याच्या संगीत परिषदेत भर सभेत मांडले.

आता दुसरी बाजू. पोथी बोलेना, तेव्हा त्यांनी गळे गाठले, आणि ते गळे बहुतेक आपल्याच लोकांचे होते. जयपूरचे महंमद अली खाँ कोठीवाल हे मनरंगच्या घराण्यातले. त्यांचे मुलगे आशक अली आणि अहमद अली मुंबईला असताना भातखंड्यांनी त्यांच्याकडून शेकडो चिजा उतरवून घेतल्या. काही फोनोग्राफवरही घेतल्या असे त्यांचे चरित्रकार सांगतात. बापाला कळले तेव्हा तो संतापला. आणि का संतापू नये? खानदानी चीज म्हणजे त्या घराचे वतन. मुलीच्या लग्नात हुंडा म्हणून चिजा दिल्याच्या गोष्टी घराण्याघराण्यांत सांगतात. ज्याच्याकडे जमीन नाही, सनद नाही, त्याच्याकडे एवढेच असते. पण खाँसाहेब मुंबईला आले, भातखंड्यांची वही आणि तळमळ पाहिली आणि राग निवळला. पुढे त्यांनी स्वतःच आणखी चिजा दिल्या. भातखंड्यांनीही त्यांना गुरू मानले. रामपूरला नवाब हमीद अली खाँ आणि तानसेनाच्या परंपरेतले वजीर खाँ यांच्याकडे तर त्यांनी रीतसर शागिर्दी पत्करली.

या सगळ्यातून ‘क्रमिक पुस्तक मालिका’ उभी राहिली. सहा भाग, अठराशेच्या वर बंदिशी. तिच्यासाठी त्यांनी केलेली स्वरलिपी आज संगीताच्या परीक्षेला बसणारे खेड्यातले मूलही शिकते: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली बिंदू, तारेला वर बिंदू, समेला फुली, खालीला शून्य. शार्ङ्गदेवाचा बिंदू डोक्यावरून पायाशी आला एवढाच वरवरचा फरक वाटेल. पण जिथे शार्ङ्गदेवाची लिपी मुकी झाली होती नेमकी तीच जागा, म्हणजे कोमल-तीव्राची खूण, भातखंड्यांनी आधी पक्की केली. बंद कुलूप पाहिलेल्या माणसाने केलेले हे नवे कुलूप आहे, किल्ली शेजारीच टांगलेली.

मालिकेचे पान उघडले की माथ्यावर रागाचे नाव असते, तालाचे असते. ती चीज कोणाच्या मुखातून घेतली त्याचे नाव बहुतेक नसते. रोजनिशीत असेल, ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’च्या चार भागांतल्या गुरुशिष्यसंवादात कुठे कुठे असेल, पण हातोहात गेले ते हे पुस्तक, ते नव्हे. वकील असलेल्या माणसाने साक्षीदारांची नावे निकालपत्रातून गाळावीत हे मला पटत नाही. त्यातून उस्ताद अडाणी, त्यांना शास्त्राचा गंध नाही, हा शेरा भातखंड्यांनी वारंवार मारला आणि तो पुढच्या दोन पिढ्यांनी घोकला. अलाहाबादला त्यांची सरोदिये करामतुल्ला खाँ यांच्याशी गाठ पडली होती. या खाँसाहेबांनी संगीतावर उर्दूत स्वतःचे पुस्तक लिहिले होते आणि अरब, इराण, हिंदुस्थान यांच्या संगीताची देवघेव आहे असे त्यांचे म्हणणे होते. भातखंड्यांनी ते फारसे मनावर घेतले नाही. तुरुष्क तोडीचे नाव ज्या ग्रंथात आहे तो त्यांना मुखोद्गत असताना! जानकी बखले यांनी २००५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी पुस्तकात या भेटीची आणि एकूणच या वृत्तीची कठोर चिकित्सा केली आहे. ती मला मुद्देसूद वाटते, जरा एकतर्फीही वाटते. वही न घेता आलेला माणूस त्या चिजा वाचवू शकला नसता, हेही तिच्या शेजारी ठेवले पाहिजे.

गंमत अशी की पुस्तकाने गाळलेली नावे बंदिशीनेच सांभाळली. सदारंग म्हणजे महंमदशहाच्या दरबारातला न्यामत खाँ, अदारंग म्हणजे फिरोज खाँ, मनरंग म्हणजे भूपत खाँ. तखल्लुस बंदिशीच्या आत शिवलेले असते, ते उसवले तर मात्राच कमी पडते. स्वतः भातखंड्यांनीही आपल्या लक्षणगीतांत ‘चतुर’ हे नाव तसेच शिवून ठेवले आहे.

जे लिहिलेच गेले नाही त्याचे काय होते, ते पाहायला आपल्याच जिल्ह्यात नळदुर्गला जावे. तिथला पाणीमहाल दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला. या बादशहाने दखनीत ‘किताबे नवरस’ रचली. त्याच्या तंबोऱ्याचे नाव मोती खाँ होते, हत्तीचे आतश खाँ. दोघांचेही उल्लेख त्याच्या गीतांत आहेत. प्रत्येक गीताच्या वर रागाचे नाव दिलेले आहे, स्वर एकही लिहिलेला नाही. शब्द आहेत, राग आहे, चाल गेली. वारकऱ्यांच्या अभंगांचे आणि आपल्या मर्सियांचे तेच. चाल गळ्यातून गळ्यात जाते तोवर चिंता नसते. गळाच नाहीसा झाला की संपले. १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर सुंदरलाल समितीने ज्या चार जिल्ह्यांत सर्वांत जास्त संहार झाला म्हणून नोंद केली, त्यांत उस्मानाबाद एक होता. माणसे किती गेली याचे अंदाज समितीने केले. त्या माणसांबरोबर काय काय गेले याची मोजदाद कोणतीच समिती करत नसते.

भातखंड्यांचा निकाल अखेरचा ठरला नाही. रामपूरचेच आचार्य कैलासचंद्र देव बृहस्पती यांनी भरत आणि शार्ङ्गदेव यांचे स्वर लावून दाखवण्याचा हट्ट धरला. १९७४ साली त्यांनी ‘मुसलमान और भारतीय संगीत’ हे हिंदी पुस्तकही लिहिले, ते आपल्याकडच्या ग्रंथालयांत असायला हवे. ग. ह. तारळेकरांनी रत्नाकर मराठीत आणला. लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेतले रिचर्ड विडेस यांनी तर या जुन्या स्वरलिपींनाच वाहून घेतले. तमिळनाडूतल्या कुडुमियामलै इथल्या खडकावर कोरलेल्या स्वरांपासून मतंगाच्या ‘बृहद्देशी’पर्यंत आणि तिथून शार्ङ्गदेवापर्यंत सगळी स्वरलेखने त्यांनी एकत्र ठेवून ताडून पाहिली आणि १९९५ साली त्यांचा ग्रंथ निघाला. नकलाकारांच्या चुका कशा ओळखायच्या, एका पोथीतला सुटलेला बिंदू दुसऱ्या पोथीवरून कसा भरायचा, हे त्यात दिसते. भातखंड्यांना दार बंद दिसले. विडेस यांनी निदान फटीतून आतली मांडणी दाखवली. सफीउद्दीनच्या लिपीवर आणि त्या काळातल्या अरबी-इराणी रागव्यवस्थेवर काम करणारे ओवेन राइट हेही त्याच संस्थेतले. देवगिरी आणि बगदाद यांची गाठ पडली ती अशी लंडनमध्ये.

फारसी ग्रंथांची दालने भातखंड्यांकडून बरीचशी राहूनच गेली होती. तिथे अलीगढचे शहाब सरमदी यांचे नाव घ्यावे लागते. गुजरातेत १३७४-७५ साली फारसीत लिहिलेला ‘गुनयतुल मुनया’ हा हिंदुस्थानी संगीतावरचा ग्रंथ त्यांनी संपादित केला; फकीरुल्लाहचा ‘राग दर्पण’ही त्यांनीच इंग्रजीत आणला. ‘गुनयतुल मुनया’ लिहिला गेला तेव्हा शार्ङ्गदेवाला जाऊन सव्वाशे-दीडशे वर्षे झाली असतील. एका मुसलमान सुभेदारासाठी संस्कृत संगीतशास्त्र फारसीत उतरवण्याचे काम त्यात केलेले आहे. खानदेशात फारुकी सुलतान बुऱ्हान खानाच्या आश्रयाने पुंडरीक विठ्ठलाने ‘सद्रागचंद्रोदय’ संस्कृतात लिहिला, तो पुढे सोळाव्या शतकात. ग्रंथ असे दोन्ही दिशांनी जात होते.

भातखंडे १९३३ पासून अंथरुणाला खिळले आणि १९ सप्टेंबर १९३६ रोजी मुंबईत वारले. लखनौला त्यांनी १९२६ साली उभे केलेले मॅरिस कॉलेज आता त्यांच्याच नावाचे विद्यापीठ आहे. त्या कामात त्यांच्याबरोबर अकबरपूरचे ठाकूर नवाब अली खाँ होते. याच नवाब अलींनी ‘मआरिफुन्नग्मात’ हे पुस्तक उर्दूत लिहून भातखंड्यांची पद्धत आणि बंदिशी उर्दू वाचणाऱ्यांपर्यंत पोचवल्या. भातखंड्यांनी उस्तादांच्या तोंडून घेतलेले नागरीत मांडले होते. ते पुन्हा उस्तादांच्या लिपीत, उजवीकडून डावीकडे, परत आले.